नाव सांगू नका, नंबर सांगा

काउंटरवर आलेलं माणूस पहिलं वाक्य काय बोलतं? दहातले आठ जण म्हणतात, "माझं पार्सल आलंय." बस, एवढंच. माझ्या पाठीमागे दीडेकशे पार्सलं लावलेली असतात, आणि त्यातलं त्यांचं कुठलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल अशी त्यांची पक्की समजूत असते. उरलेले दोघं नाव सांगतात. ते तर आणखी अवघड.

मी पिकअप काउंटरवर काम करते. लोक घरबसल्या ऑर्डर देतात आणि घरी मागवण्याऐवजी स्वतः येऊन माल घेऊन जातात, तो हा काउंटर. हे चौथं वर्ष. घरच्यांना माझं काम एका वाक्यात माहीत आहे: "मागून वस्तू काढायची आणि पुढे द्यायची." माझ्या धाकट्या दिराने तर एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं, "वहिनी, दिवसभर एवढंच करून कंटाळा नाही येत?" त्याला म्हटलं, देणं पाच सेकंदांचं असतं रे, शोधणं असतं ते काम. आणि खरं सांगायचं तर शोधणंही नाही. ठेवणं.

ते सांगते, पण आधी एक गोष्ट, जी मला कळायला वर्ष गेलं. मी आधी विक्रीच्या काउंटरवर होते. तिथलं गिऱ्हाईक आणि इथलं गिऱ्हाईक ही एकच माणसं असली तरी वागायला दोन वेगळ्या जाती आहेत. विक्रीत माणूस वस्तू उलटीपालटी करून बघतो, ठेवून देतो, "येतो जरा फिरून" म्हणतो. वस्तू संपली म्हटलं तर हिरमुसतो आणि जातो. आमच्याकडे येतो तेव्हा त्याचे पैसे कधीच गेलेले असतात. वस्तू त्याची झालेली असते, ताबा तेवढा माझ्याकडे. म्हणजे मी त्याला काही विकत नाहीये, मी त्याच्या आणि त्याच्याच वस्तूच्या मध्ये उभी आहे. म्हणून "एक मिनिट हं, सापडत नाहीये" एवढं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. घरातल्या कपाटातून कुणी काही उचलून नेल्यासारखा. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. आता येत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. करते, खरं म्हणजे. ते शेवटी सांगते.

तर, ठेवणं.

सकाळी गाडी लागते. माल उतरतो तो ट्रॉल्यांवर, कसाही. मोठ्यावर लहान, लहानावर मोठं, एखादं उलटं. प्रत्येक पार्सल हातात घ्यायचं, लेबल स्कॅन करायचं, मग ज्या कप्प्यात ठेवायचंय त्या कप्प्याचं लेबल स्कॅन करायचं, आणि मग त्याच कप्प्यात ठेवायचं. तीन पावलं. चूक नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या पावलाच्या मध्ये होते. म्हणजे स्कॅन केला ब १४ आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, मान वळली, आणि हाताने पार्सल ठेवलं ब १५ मध्ये. झालं. आता ते पार्सल इमारतीत आहे, माझ्यापासून चार फुटांवर आहे, आणि तरी हरवलेलं आहे. मुळात आलंच नसतं तर बरं, निदान सिस्टीममध्ये "वाटेत" असं दिसलं असतं. हे मात्र "तयार, ब १४" असं छातीठोकपणे दिसतं, माणसाला मेसेज जातो, माणूस येतो, आणि ब १४ मध्ये दुसऱ्याच कुणाची तरी चपटी पाकिटं.

म्हणून आमच्या इथल्या ज्येष्ठ ताईंनी मला पहिल्याच आठवड्यात एक सवय लावली. कप्पा स्कॅन करताना डावा हात त्या कप्प्याच्या कडेवर ठेवायचा, आणि पार्सल आत जाईपर्यंत तो उचलायचा नाही. कुणीही हाक मारो. फोन वाजो. हात तिथेच. बघणाऱ्याला वाटतं, मॅडम रॅकला टेकून आराम करतायत. करू देत वाटू.

नवीन आलेल्यांना आणखी एक गोष्ट पटवून देताना माझा जीव जातो, की रॅक "नीट" लावायचा नाही. नवीन माणूस पहिल्या दिवशी उत्साहाने सगळी चपला-बुटांची खोकी एकत्र लावतं, मोबाइलची एकत्र, पाकिटं एकत्र. दिसायला सुरेख. आणि मग संध्याकाळच्या गर्दीत एकसारख्या नऊ खोक्यांमधून एक काढायचं म्हटलं की चुकीचं खोकं हातात येतं. सारखी दिसणारी खोकी लांब लांब ठेवली तर त्या कप्प्यात तसं एकच असतं, हात चुकत नाही. मोठमोठ्या गोदामांत मुद्दाम अशी विस्कळीत मांडणी करतात: जिथे जागा मोकळी तिथे माल, आणि कुठे काय आहे ते फक्त सिस्टीमला ठाऊक. डोळ्यांना पसारा वाटतो, पण तो हिशेबातला पसारा असतो. अट एकच, तो डावा हात.

आता नावाचं. लोकांना वाटतं नाव ही सगळ्यात पक्की ओळख. काउंटरवर तिच्याइतकी कच्ची ओळख दुसरी नाही. एकाच आडनावाची चार पार्सलं रोज असतात. ऑर्डर बायकोच्या खात्यावरून, नाव मुलाचं, घ्यायला आलेले सासरे. इंग्रजीत नाव लिहिताना कुणी एक अक्षर कमी लिहितो, कुणी दोन जास्त. एकदा लेबलवर नुसतं "मी" असं होतं. मी म्हणजे कोण? तर खातं उघडताना त्या बाईंना नावाच्या चौकटीत काय लिहायचं ते कळलं नव्हतं. शेवटी सापडलं ते मोबाइल नंबरवरून.

मोबाइल नंबर म्हणजे शेवटचे चार आकडे. हे चालतं, पण पूर्ण नाही, आणि का नाही ते मला आमच्या ताईंच्या मुलाने गणित करून दाखवलं. शेवटच्या चार आकड्यांची १०,००० वेगवेगळी रूपं होतात. आपल्याला वाटतं, एवढ्यात दोन सारखे कशाला येतील? पण हे गणित वर्गातल्या वाढदिवसांसारखं आहे. खोलीत २३ माणसं जमली की त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. तसंच रॅकवर १२० वेगवेगळ्या लोकांची पार्सलं असतील, तर त्यातल्या कुठल्यातरी दोघांचे शेवटचे चार आकडे सारखे असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. म्हणजे जवळजवळ दिवसाआड मला हे भेटायला हवं. आणि भेटतंच! मी इतके दिवस त्याला योगायोग समजत होते. त्यामुळे चार आकडे जुळले तरी मी ऑर्डर नंबर विचारते. तेव्हा लोक वैतागतात, "अहो, सांगितला ना नंबर!" तुम्ही सांगितलात हो. पण तोच नंबर सकाळी आणखी कुणीतरी सांगून गेलंय.

ऑर्डर नंबरचीही एक खोड आहे. वस्तूंच्या खोक्यावर कंपनीचा जो १३ आकडी बारकोड असतो, त्यातला शेवटचा आकडा हा राखणदार असतो. पहिल्या १२ आकड्यांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची, आणि ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. त्यामुळे हाताने टाइप करताना एक आकडा जरी चुकला तरी हिशेब बसत नाही आणि मशीन लगेच नाक मुरडतं. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडलं जातं, फक्त त्या दोन आकड्यांत ५ चा फरक असेल तर सुटतं. आमच्या ऑर्डर नंबरमध्ये असा राखणदार नाही. ते नुसते ओळीने वाढत जाणारे आकडे. एक आकडा चुकला तर मशीन नाही म्हणत नाही, गुपचूप दुसऱ्याच माणसाची ऑर्डर उघडून दाखवतं, तीही अगदी आत्मविश्वासाने. म्हणून मी नंबर टाइप केला की पडद्यावरचं नाव मोठ्याने वाचत नाही. "नाव काय?" असं तेव्हा विचारते. मी वाचून दाखवलं तर घाईतला माणूस कशालाही "हो हो" म्हणतो. नाव ओळखायला कच्चं असलं तरी ताडून बघायला चांगलं आहे.

तुमच्या मोबाइलवरचा कोड दाखवणार असाल तर उजेड पूर्ण वाढवा, एवढं एक केलंत तरी पुष्कळ. आणि फोनचा पडदाच काळा ठेवायची, डार्क मोडची, जी फॅशन आहे ना, तिने कधी कधी कोडही उलटा होतो, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. बऱ्याच स्कॅनरना तो वाचता येत नाही. मग माणूस फोन स्कॅनरच्या आणखी जवळ आणतो, आणखी जवळ, शेवटी काचेला टेकवतो. जवळ आणून काही होत नाही, उलट वितभर लांब धरा. फुटक्या काचेची मात्र काळजी करू नका. तो चौकोनी क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ साली मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला काढला. कारखान्यात डाग पडणार, ओरखडे येणार हे त्यांनी धरलंच होतं. सगळ्यात दणकट प्रकारात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. फक्त तीन कोपऱ्यांतले ते मोठे चौकोन झाकू नका. त्यांच्यावरूनच स्कॅनरला कळतं की कोड इथे आहे आणि वरची बाजू कुठली. लोक नेमका त्यातल्याच एकावर अंगठा ठेवतात.

आता ओटीपी. हा माझ्या कामातला सगळ्यात विचित्र भाग. सगळं जग सांगतंय की ओटीपी कुणालाही सांगू नका, आणि मी दिवसभर शंभर लोकांना म्हणते, "ओटीपी सांगा." एकदा एक आजोबा आले, पत्नीच्या नावची ऑर्डर न्यायला. मी ओटीपी मागितल्यावर ते दोन पावलं मागे सरले. "तो सांगायचा नसतो," म्हणाले. मी समजावलं. ते म्हणाले, "तुम्ही असंच म्हणणार." आता यावर काय बोलणार? बरोबरच होतं त्यांचं. रांगेतला एक मुलगा हसला, त्याच्याकडे आजोबांनी असं बघितलं की तो फोनमध्ये डोकं घालून उभा राहिला.

मग मी त्यांच्या पत्नीला फोन लावायला सांगितला, त्यांच्याच फोनवरून, आणि म्हटलं, मेसेज पहिल्या शब्दापासून वाचायला सांगा, नुसता आकडा नको. आजींनी वाचला. त्यात लिहिलेलं होतं की ही ऑर्डर ताब्यात देण्यासाठीचा कोड आहे आणि वस्तू हातात मिळाल्यावरच सांगावा. मी पार्सल आणून काउंटरवर ठेवलं, त्यांच्या हाताखाली. म्हटलं, आता हे तुमच्या ताब्यात, लेबल वाचा, मग आकडा सांगा. त्यांनी चष्मा काढून लेबल वाचलं, पत्नीचं नाव बोटाने दाखवलं, आणि मग आकडा सांगितला. एकेक करून. मधे थांबून. तेव्हापासून मी क्रमच बदललाय: पार्सल आधी समोर, कोड नंतर. पैशाच्या व्यवहाराचा कोड आणि वस्तू ताब्यात देण्याचा कोड दिसायला सारखेच असतात, फरक मेसेजच्या बाकीच्या शब्दांत असतो, आणि ते शब्द कुणी वाचत नाही. फोनवरून कुणी "तुमचं पार्सल आलंय, कोड सांगा" म्हणालं तर अजिबात सांगू नका. आमच्याकडून तसा फोन जात नाही. आम्हाला कोड लागतो तो तुम्ही काउंटरच्या त्या बाजूला उभे असताना.

गर्दीचं थोडक्यात. संध्याकाळी ऑफिसं सुटली की येतात सगळे एकदम. रांगेचा एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो: तासाला किती माणसं येतात गुणिले प्रत्येक माणूस आत किती वेळ घालवतो, की सरासरी किती माणसं उभी असतील ते निघतं. तासाला ४० जण आले आणि प्रत्येकाला ६ मिनिटं लागली तर सरासरी ४ माणसं समोर. तेच ९ मिनिटं लागली तर ६. म्हणजे सकाळी मी आळसाने चुकीच्या कप्प्यात ठेवलेली पार्सलं संध्याकाळी माझ्यासमोर माणसं होऊन उभी राहतात. आम्ही दोघी असतो तेव्हा रांग एकच ठेवतो, पुढे येऊन जी मोकळी तिच्याकडे जायचं. आधी दोन रांगा असायच्या आणि शेजारची रांग पुढे सरकली की भांडणं. एक रांग केल्यापासून भांडणाचा विषयच संपला, लोक आता फक्त आमच्यावर वैतागतात.

माझी एक चूक सांगते. लपवण्यासारखी आहे, पण सांगते.

एका बाईंचं एक छोटं, मऊ पाकीट होतं. तळहाताएवढं. सिस्टीममध्ये क ७. क ७ मध्ये नाही. मी क ६ बघितला, क ८ बघितला, वरचा-खालचा कप्पा, रॅकच्या मागे, खाली वाकून टॉर्च मारून. छोटी पाकिटं मागे घसरून भिंत आणि रॅक यांच्या फटीत जातात, तिथेही नाही. बाई शांत होत्या, आणि शांत माणसापुढे जास्त घाम फुटतो. त्यांनी एवढंच विचारलं, "आलं होतं ना पण?" मी म्हटलं, आलं होतं, मी स्वतः ठेवलंय. त्यांनी मान हलवली आणि बाकावर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने मी त्यांना नाव-नंबर लिहून ठेवायला सांगितलं. त्या जाताना म्हणाल्या, "तुम्ही स्वतः ठेवलंय म्हणालात म्हणून जातेय." हे वाक्य मी त्या रात्री घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. हातात ते पाकीट. आदल्या दिवशी मी त्यांना एक मोठं खोकं दिलं होतं, तेही क ७ मधलंच. त्या खोक्याला खालून जी चिकटपट्टी लावलेली होती तिचं एक टोक सुटलं होतं, चिकट बाजू बाहेर. ते खोकं कप्प्यात या पाकिटावर ठेवलं गेलं, पाकीट खोक्याच्या पोटाला चिकटलं, आणि मी खोकं उचलून त्यांच्या हातात दिलं तेव्हा बरोबर तेही गेलं. मी वरचं लेबल स्कॅन केलं, नाव ताडलं, कोड घेतला, सगळं नियमाने. खाली बघायचा नियमच नव्हता. गृहस्थ म्हणाले, घरी खोकं आडवं केलं तेव्हा दिसलं, आमचं नाही म्हणून आणलं. त्यांनी ते आणलं नसतं तर ते पाकीट कुठे गेलं हे मला जन्मात कळलं नसतं. आणि माझ्यावर शंका आली असती, ती चुकीचीही नसती, कारण शेवटचा हात माझाच होता.

बाईंना फोन केला. त्या आल्या. मी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, चिकटपट्टीसकट. त्यांनी पाकीट तिथेच फोडलं. आत दोन बटणं होती. कोटाची असावीत, मोठी, तपकिरी, चार भोकांची. त्यांनी पर्समधून तसंच एक तिसरं काढून शेजारी ठेवून बघितलं. जुळलं. "बरं झालं," म्हणाल्या आणि गेल्या. दोन बटणांसाठी त्या दोनदा आल्या होत्या.

त्या दिवसापासून मी कुठलंही खोकं द्यायच्या आधी उचलून त्याचा तळ बघते. लोकांना ते विचित्र वाटतं. "फुटलंय का काही?" विचारतात. नाही हो, असंच.

फुटण्यावरून आठवलं. खोकं चेपलेलं किंवा पट्टी पुन्हा लावल्यासारखी दिसली तर कोड सांगायच्या आधी बोला, तिथेच फोटो काढा. कोड सांगितला की आमच्या बाजूने "ताबा दिला" अशी नोंद होते आणि मग तुमचं म्हणणं खरं असलं तरी ते सिद्ध करायला तुम्हाला धावावं लागतं. मी प्रत्येकाला हे सांगते. रांगेतल्या मागच्यांना ते आवडत नाही.

आणि लेबलं. लेबलावरची अक्षरं शाईची नसतात हे बहुतेकांना माहीत नसतं. कागदालाच उष्णतेने काळा होणारा लेप असतो, प्रिंटर नुसता चटके देतो. खोटं वाटत असेल तर असल्या पावतीवर नखाने जोरात ओरखडा काढून बघा, काळी रेघ उठते, घासण्याच्या उष्णतेने. त्यामुळे गाडीत उन्हात तापलेलं लेबल काळंठिक्कर पडून येतं आणि बारकोडच्या रेघा त्या काळ्यात बुडून जातात. उलट तेलाचा हात लागला की अक्षरं उडतात. पावती वर्षभर जपून ठेवायची असेल तर त्याच दिवशी तिचा फोटो काढून ठेवा. वर्षाने कोरा कागद घेऊन येणारे मी बघितलेत. ते म्हणतात, "यावर होतं हो लिहिलेलं." होतं, मलाही माहीत आहे.

न नेलेल्या पार्सलांना आमच्याकडे ७ दिवस. तिसऱ्या दिवशी आठवण, सहाव्या दिवशी आठवण, आठव्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत. आणि आठव्या दिवशी दुपारी माणूस येतं. नेहमी. सातव्या दिवशी रात्री बंद करताना मी रॅककडे बघून ओळखते, उद्या कोण कोण येणार. काहींना तर स्वतःहून फोन केलेत मी, नियमात बसत नसताना. "हो हो, उद्या येतो" म्हणतात. उद्या म्हणजे आठवा दिवस, दादा.

मागच्या महिन्यात माझीच एक ऑर्डर होती, दुसऱ्या एका पिकअप काउंटरवर. सुट्टीच्या दिवशी गेले. काउंटरला माझ्या निम्म्या वयाची मुलगी. मी शहाण्यासारखा फोन पुढे केला, उजेड वाढवलेला, कोपरे मोकळे. तिने स्कॅन केलं, मागे गेली, आणि आली नाही. दोन मिनिटं. चार मिनिटं. मला आतून खोकी सरकवल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावरून कळत होतं की ती एकाच कप्प्यात तिसऱ्यांदा बघतेय. "एक मिनिट हं मॅडम, सापडत नाहीये." आणि मला आला राग. सगळं माहीत असून आला. पैसे दिलेत, मेसेज आलाय, वस्तू माझी आहे, आणि ही म्हणते सापडत नाही!

मी वाकून म्हटलं, "शेजारच्या कप्प्यात बघ गं. नाहीतर खाली, मागे घसरलं असेल." तिने माझ्याकडे जरा बघितलं. बघितलं शेजारी, नव्हतं. खाली बघितलं, नव्हतं. माझी सगळी विद्या तिथेच संपली. शेवटी ते सापडलं तिच्या स्वतःच्या टेबलाखाली, सकाळपासून पायाशी. लेबल फाटलं होतं म्हणून नवीन छापायला बाजूला ठेवलं आणि राहूनच गेलं.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली. मी म्हटलं, असू दे. कोड सांगितला. तिने खोकं माझ्याकडे सरकवलं आणि मी ते उचलून, सवयीने, उलटं करून तळ बघितला.

"फुटलंय का काही?" तिने विचारलं.